देव बोलला हे ठरवायचं कुणी? बुद्धी आणि देववाणीच्या ख्रिस्ती वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या ख्रिस्ती वादांचा विषय निघाला की मराठी वाचकांकडून ठरावीक प्रश्न येतात. त्यांतले निम्मे शाळेत डोक्यात बसलेल्या 'चर्च विरुद्ध विज्ञान' या चित्रातून आलेले असतात. ते प्रश्न इथे एका जागी घेतले आहेत. उत्तरांचा भर इंग्लंडवर आहे. तिथे छपाईआधी परवाना घेण्याचा कायदा १६९५ मध्ये संपला आणि एरवी कुजबुजीत राहिलं असतं ते सगळं पुस्तकांच्या दुकानात आलं.

हा वाद देव आहे की नाही, यावरून होता का?

नाही. १६९०च्या सुमारास लंडनमध्ये 'देव नाही' असं छापून सांगणारा माणूस सापडणं मुश्कील होतं. दोन्ही बाजू देव मानत, बहुतेक जण मेल्यानंतरचा न्यायही मानत. भांडण वेगळ्याच गोष्टीचं होतं. एखादी गोष्ट देवाने स्वतः सांगितली आहे असं कुणी म्हणालं, तर ते खरं की खोटं हे ठरवायचं कुणी? चर्चने? पवित्र ग्रंथाने? अंतःकरणातल्या आवाजाने? की ज्याच्या त्याच्या बुद्धीने?

म्हणून 'बुद्धी विरुद्ध श्रद्धा' हा मथळा मला फसवा वाटतो. दोन्ही पक्ष बुद्धीच्याच कोर्टात उभे होते. बुद्धीला साक्षीला बोलावलं तेही श्रद्धेच्याच वकिलांनी. पुढे ती पिंजऱ्यातून उतरून न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसली, ही खरी गोष्ट आहे आणि तिला दीडदोनशे वर्षं लागली.

'रेव्हलेशन'ला मराठीत साक्षात्कार म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण घोटाळा होईल. साक्षात्कार साधकाला होतो. त्यात साधकाची तयारी असते, तळमळ असते. ख्रिस्ती अर्थाने देव आपणहून, इतिहासातल्या एका वेळी, माणसांना काही कळवतो, आणि ते पुढे लिखाणात येतं. मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नाव 'प्रकटीकरण' असं आहे, तो शब्द जास्त नेमका. मी इथे 'देववाणी' वापरतो, कारण वाद 'वाणी'चाच होता: कोण बोललं, कुणाशी बोललं आणि आपल्यापर्यंत ते कसं पोचलं.

श्रुती म्हणावं तर मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ, अडवतील. त्यांच्या मते वेद अपौरुषेय, त्याला बोलणाराच नाही, त्यामुळे 'कोण बोललं?' हा प्रश्नच उरत नाही. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, मात्र हा युरोपीय वाद घरचा वाटला असता. शब्द प्रमाण का, तर बोलणारा आप्त, म्हणजे भरवशाचा, आहे म्हणून. मग बोलणारा तोच आहे हे कशावरून? या प्रश्नाशी आलं की अनुमानाला हाक मारावीच लागते. पुढे भेटणारा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक, त्याचं घोडं नेमकं इथेच येऊन थांबतं.

सुरुवात ल्यूथरपासून धरायची का?

धरायला हरकत नाही, पण ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाला बुद्धिवादी करू नका. १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत तो म्हणाला की शास्त्रवचनाने किंवा स्पष्ट युक्तिवादाने मला चूक दाखवा, नाहीतर मी माघार घेणार नाही. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच ल्यूथरने १५४६ मध्ये विटेनबर्गमधल्या शेवटच्या प्रवचनात बुद्धीला सैतानाची वेश्या म्हटलं, ते सांगायचं राहून जातं. त्याच्या मनात दोन्हींत विसंगती नव्हती. पोपचा दावा तपासायला बुद्धी हवी. देवाचं वचन समोर आल्यावर तिने गप्प बसावं.

पण वचनाचा अर्थ कुणी लावायचा? १५२९ मध्ये मार्बुर्गला ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंगली प्रभुभोजनावर, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीवर, चर्चेला बसले, तेव्हा ल्यूथरने मेजावर खडूने येशूचे शब्द लिहिले: 'हे माझे शरीर आहे.' झ्विंगली म्हणाला, इथे 'आहे'चा अर्थ 'दर्शवते' असा घ्यायचा. दोघंही पोपला न जुमानणारे, दोघांच्या हातात तेच पुस्तक, आणि एका क्रियापदावरून दोन पंथांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

यातून जी साखळी सुरू झाली ती नीट बघावी. प्रोटेस्टंट कॅथलिकांना म्हणाले, मिस्सेतली (तुमच्या प्रभुभोजनाच्या विधीतली) भाकर येशूचं शरीर होते म्हणता, पण डोळ्यांना भाकर दिसते, जिभेला भाकर लागते. कॅथलिक म्हणाले, असं तपासायला लागलात तर एक देव आणि तीन व्यक्ती हे त्रैक्य तरी बुद्धीला कुठे पटतं? मागे उभे असलेले सोसिनियन म्हणाले, अगदी बरोबर, तेही सोडा. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या जॉन टिलटसनने १६८४ मध्ये भाकरीविरुद्धचा हा इंद्रियांचा युक्तिवाद फार सफाईने मांडला. १७४८ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने चमत्कारांवरचा निबंध छापला, तेव्हा पहिल्याच परिच्छेदात त्याने टिलटसनची तारीफ केली आणि तेच हत्यार साऱ्या चमत्कारांवर चालवलं. आर्चबिशपने कॅथलिकांसाठी परजलेली सुरी होती ती.

सोसिनियन म्हणजे कोण?

फाउस्टो सोझिनी (१५३९–१६०४) या इटालियन माणसाच्या नावावरून पडलेलं नाव. त्याचे अनुयायी पोलंडमध्ये एकवटले. राकूव या गावी त्यांची शाळा आणि छापखाना होता, आणि तिथूनच १६०५ मध्ये त्यांची प्रश्नोत्तरी निघाली. ते बायबल सोडत नव्हते, उलट फार बारकाईने वाचत. त्यांचं म्हणणं, बायबलमध्ये बुद्धीपलीकडचं असेल, पण बुद्धीच्या विरुद्ध काही असणार नाही, आणि त्रैक्य तर बायबलमध्ये सापडतच नाही. १६३८ मध्ये राकूवची शाळा बंद पाडली गेली, १६५८ मध्ये त्यांना देशाबाहेर घालवायचा कायदा झाला. माणसं पांगली, पुस्तकं हॉलंडमार्गे इंग्लंडला पोचली. पुढची शंभर वर्षं इंग्लंडमध्ये कुणाला बदनाम करायचं असेल तर 'सोसिनियन' म्हटलं की भागायचं.

असं लिहिणं जिवावर बेतायचं का?

बेतायचं. मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश विद्वानाने त्रैक्य नाकारलं, म्हणून २७ ऑक्टोबर १५५३ रोजी प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनीव्हात त्याला जिवंत जाळलं. तेव्हा सेबास्टियन कास्टेलिओने लिहिलं की माणसाला मारणं म्हणजे सिद्धान्ताचं रक्षण करणं नव्हे, ते माणसाला मारणंच असतं. इंग्लंडमध्ये पाखंडासाठी शेवटची दोन माणसं १६१२ मध्ये जाळली गेली.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो थॉमस एकनहेड. एडिंबरा विद्यापीठातला वीसेक वर्षांचा विद्यार्थी. त्याने पुस्तक लिहिलं नव्हतं, पंथ काढला नव्हता. मित्रांत बसून त्रैक्याची आणि बायबलची टिंगल केली, एवढंच. साक्ष दिली त्या मित्रांनीच. त्याने माफी मागितली, वय बघा म्हणाला. ८ जानेवारी १६९७ रोजी त्याला फाशी दिलं. ईश्वरनिंदेसाठी ब्रिटनमध्ये दिलेला हा शेवटचा देहदंड. तारीख लक्षात ठेवा, कारण लॉक आणि टोलंड (दोघंही पुढे भेटतील) यांची ज्या पुस्तकांवरून रणं माजली ती पुस्तकं नेमकी याच्या आधीच्या दोन वर्षांतली आहेत. ती शांतपणे वाचताना पाठीमागे हा फास लोंबत होता हे विसरता येत नाही.

गॅलिलिओ या वादात बसतो का?

एका कोपऱ्यात. १६१५ मध्ये त्याने ग्रँड डचेस क्रिस्तिनाला लिहिलेल्या लांबलचक पत्राचा विषय हाच आहे: निसर्ग आणि ग्रंथ दोन्ही देवाचे, मग विरोध दिसला तर कुणाचा अर्थ बदलायचा? स्वर्गात कसं जावं हे ग्रंथ शिकवतो, स्वर्गातले गोल कसे फिरतात हे नाही, अशी एका कार्डिनलची कोटीही त्याने त्यात दिली आहे. पण त्याचा खटला खगोलाचा, आज्ञाभंगाचा आणि पोपच्या मानापमानाचाही होता. हा वाद समजून घ्यायला त्याच्यापेक्षा लॉक जास्त कामाचा.

मग लॉक नेमकं काय म्हणाला?

जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा ग्रंथ १६८९च्या अखेरीस आला. त्याच्या चौथ्या भागात त्याने विधानांचे तीन ढीग केले. काही बुद्धीला धरून, काही बुद्धीपलीकडची, काही बुद्धीविरुद्ध. एक देव आहे हे पहिल्या ढिगात. मेलेले पुन्हा उठतील हे दुसऱ्यात. एकापेक्षा जास्त देव आहेत हे तिसऱ्यात. (आपल्याकडच्या वाचकाला हे तिसरं उदाहरण वाचून हसू येईल. तेहतीस कोटींच्या देशात लॉकचे ढीग त्याने लावले तसेच लागले असते का, हा प्रश्न योग्यच आहे.)

पुढची पायरी महत्त्वाची. देव जे सांगेल ते खरंच, त्यात शंका नाही, असं लॉक ठासून म्हणतो. पण हे देवानेच सांगितलं का, ते बुद्धीने ठरवायचं. शिवाय देववाणी मूळ ज्याला झाली त्याची खात्री वेगळी आणि परंपरेने ज्याच्यापर्यंत आली त्याची वेगळी. नोहाच्या काळचा प्रलय ज्याने डोळ्यांनी पाहिला त्याची खात्री आणि मोशेच्या पुस्तकात वाचणाऱ्याची खात्री एक नव्हे. युक्लिडचा एखादा सिद्धान्त देवाने कळवला असता तरी तो स्वतः सिद्ध करून पाहिल्याइतका पक्का वाटला नसता, कारण कळवणारा देवच होता ही खात्री सिद्धतेपेक्षा कायम थोडी कमीच भरणार.

१७००च्या आवृत्तीत त्याने आणखी एक प्रकरण घातलं. त्यात तो म्हणतो की देववाणीला जागा करून देण्यासाठी जो बुद्धी दूर सारतो तो दोन्हींचा प्रकाश मालवतो. दूरचा न दिसणारा तारा दुर्बिणीतून नीट दिसावा म्हणून कुणी आपले डोळेच फोडून घ्यावेत, तसं ते आहे.

पण लॉकला नुसता तर्कट समजू नका. १६९५ मध्ये त्याने निनावी पुस्तक काढलं, ख्रिस्ती धर्म बुद्धीला कसा धरून आहे यावर. त्यात तो कबूल करतो की मजूर, कारागीर, सूत कातणाऱ्या आणि दूध काढणाऱ्या बाया यांना नीतिशास्त्र गणितासारखं सिद्ध करत बसायला वेळ कुठे? त्यांना साधी, स्पष्ट आज्ञा हवी; देववाणीचं काम हेच. त्याच्या मते ख्रिस्ती व्हायला मुळात एकच गोष्ट मानायची: येशू हा मसीहा आहे. बाकीच्या भरगच्च सिद्धान्तांचं काय, म्हणून जॉन एडवर्ड्स नावाच्या धर्मोपदेशकाने लगेच त्याला सोसिनियन ठरवलं.

हे तर शंकराचार्यांनी आधीच सांगितलं नव्हतं का?

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि या वेळी तो अगदीच वायफळ नाही. गीताभाष्यात, अठराव्या अध्यायाच्या ६६व्या श्लोकावर, आचार्य म्हणतात: 'न हि श्रुतिशतमपि शीतोऽग्निरप्रकाशो वेति ब्रुवत् प्रामाण्यमुपैति.' अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. लॉकच्या तिसऱ्या ढिगाला याहून नेमकं वाक्य सापडणार नाही.

फरक पुढे आहे. आचार्य तिथून असं म्हणतात की म्हणूनच श्रुतीचा वेगळा अर्थ लावा, कारण तिचा विषय प्रत्यक्षाच्या कक्षेबाहेरचा आहे. श्रुती खरंच श्रुती आहे का, हा खटला ते भरत नाहीत. लॉक भरतो. 'आमच्याकडे आधीच होतं' म्हणून वही मिटायची घाई केली की हाच फरक हातून निसटतो.

टोलंडने असं काय केलं, की पुस्तक जाळावं लागलं?

जॉन टोलंड आयर्लंडच्या उत्तर टोकाला, डॉनिगॉलमध्ये १६७० मध्ये जन्मला. लहानपणी कॅथलिक, सोळाव्या वर्षाच्या सुमारास प्रोटेस्टंट. १६९६ मध्ये, पंचविशीत, त्याने पुस्तक काढलं: ख्रिस्ती धर्मात रहस्य म्हणून काही नाही. लॉकचा मधला ढीगच त्याने उधळून लावला. शुभवर्तमानात बुद्धीविरुद्ध काही नाही आणि बुद्धीपलीकडचंही काही नाही, हे त्याने मथळ्यातच लिहून टाकलं.

त्याची युक्ती शब्दाची होती. नव्या करारात 'रहस्य' हा शब्द पूर्वी झाकलेल्या आणि आता उघड केलेल्या गोष्टीला वापरतात, असं त्याने एकेक वचन काढून दाखवलं. उघड झालं की ते रहस्य राहत नाही. मग कायमचं न समजणारं असं काही धर्मात कुठून आलं? पुरोहितांनी मागाहून घुसडलं. गवताच्या पात्याचं अंतिम स्वरूप मला कळत नाही, म्हणून मी गवताला रहस्य म्हणत नाही. देवाच्या बाबतीतच तेवढं का म्हणावं?

त्याचं दुसरं वाक्य माझ्या मते या साऱ्या वादातलं सर्वांत धारदार आहे. देववाणी हे माहिती मिळण्याचं साधन आहे, पटण्याचं कारण नव्हे. मला एखादी गोष्ट देवाकडून कळू शकते, पण ती पटते ती समजली म्हणून. ज्या वाक्याचा अर्थच लागत नाही त्याच्यावर विश्वास ठेवतो म्हणणं म्हणजे नुसता ध्वनी तोंडाने म्हणणं.

मिडलसेक्सच्या ग्रँड ज्यूरीने पुस्तकाविरुद्ध तक्रार केली. टोलंड डब्लिनला गेला, तर १६९७च्या सप्टेंबरात आयरिश पार्लमेंटने पुस्तक जल्लादाच्या हातून जाळायचा आणि लेखकाला पकडायचा हुकूम काढला. तो निसटला आणि पुढे लेखणीवर पोट भरत, कर्जबाजारी अवस्थेत १७२२ मध्ये पटनीला मेला.

खरी पंचाईत लॉकची झाली. वूस्टरचा बिशप एडवर्ड स्टिलिंगफ्लीट याने त्रैक्याची बाजू मांडताना टोलंडसोबत लॉकलाही गोवलं: मुळं याची, फळं त्याची. लॉकने उत्तर दिलं, बिशपने प्रत्युत्तर दिलं, असं १६९९ मध्ये बिशप मरेपर्यंत चाललं. लॉकचा सूर सतत एकच: मी असं म्हटलेलं नाही. ते खरंही होतं. पण बिशपचं नाक शाबूत होतं. वास त्याला बरोबर आला होता.

अंतःकरणातल्या आवाजाला सगळेच का घाबरायचे?

कारण यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडने तो आवाज भरपूर ऐकला होता. १६४०–५०च्या दशकांत प्रत्येक गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या अंगात पवित्र आत्मा बोलत होता. पुढे १७०६ मध्ये दक्षिण फ्रान्समधले परागंदा 'संदेष्टे' लंडनला आले, अंगात येऊन भविष्य सांगू लागले, आणि बरेच इंग्रजही त्यांना मिळाले. त्यांच्यातला थॉमस एम्स नावाचा माणूस मेला, तेव्हा तो २५ मे १७०८ रोजी थडग्यातून उठेल असं जाहीर झालं. लंडनकर बघायला जमले. एम्स उठला नाही.

या प्रकाराला तेव्हा 'एन्थुझिॲझम' म्हणत आणि ती शिवी होती; आज आपण हा शब्द उत्साह या अर्थाने वापरतो. लॉकचं नवं प्रकरण याच विषयावर आहे. त्याचा प्रश्न साधा: तुला खात्री आहे की हे देवाचं आहे, कारण ते तुला जोराने वाटतं; आणि ते तुला जोराने वाटतं, कारण ते देवाचं आहे. यात पुरावा कुठे आहे? १७३९ मध्ये ब्रिस्टलचा बिशप जोसेफ बटलर मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीला तोंडावर म्हणाला, की पवित्र आत्म्याकडून खास देववाणी मिळते असा दावा करणं ही भयंकर, फार भयंकर गोष्ट आहे. हे म्हणणारा बटलर देववाणीचा त्या काळातला सर्वांत ताकदीचा वकील होता, हे ध्यानात घ्या.

डीइस्ट म्हणजे 'देवाने घड्याळ बनवलं आणि निघून गेला' म्हणणारे ना?

ही पाठ्यपुस्तकी ओळख आहे, आणि इंग्लंडच्या बहुतेक डीइस्टांना ती बसत नाही. त्यांचा मुद्दा देव काय करतो हा नव्हता. देवाला ओळखायला खास ग्रंथ लागतो का, हा होता.

त्यांचा आजोबा म्हणजे लॉर्ड हर्बर्ट ऑफ चेर्बरी. १६२४ मध्ये पॅरिसला छापलेल्या त्याच्या ग्रंथात सगळ्या माणसांना जात्याच ठाऊक असलेल्या पाच गोष्टी आहेत: परमेश्वर आहे, त्याची उपासना करावी, उपासनेचा मुख्य भाग सदाचार, पापाचा पश्चात्ताप करावा, मेल्यावर फळ मिळतं. यात ग्रंथ नाही, संदेष्टा नाही. आणि असं पुस्तक छापावं की नाही हे कळेना, म्हणून याने काय केलं? त्याच्याच आत्मचरित्रात आहे: गुडघे टेकून देवाकडे खूण मागितली, निरभ्र आकाशातून मोठा पण मधुर आवाज आला, आणि मग पुस्तक छापलं.

१७३० मध्ये ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचा मॅथ्यू टिंडल, सत्तरी ओलांडलेला, या मताचा कळस घेऊन आला. ख्रिस्ती धर्म सृष्टीइतकाच जुना आहे, असं पुस्तकाचं नाव. युक्तिवाद देवाच्या चांगुलपणावरून: देव न्यायी असेल तर तरायला जे लागतं ते त्याने सगळ्या माणसांना, सगळ्या काळी दिलेलं असणार. ते एका कोपऱ्यातल्या एका जमातीला, उशिरा, एका भाषेत सांगितलं आणि चीनमधल्या कोट्यवधींना ताटकळत ठेवलं, असं कसं म्हणता? कन्फ्यूशियसची साधी वचनं येशूच्या अवघड वचनांवर प्रकाश पाडायला उपयोगी पडतील, इथपर्यंत तो गेला. उत्तरादाखल पुस्तकांचा पाऊस पडला. ज्याने देवाच्या न्यायावर बोट ठेवलं त्याला थातूरमातूर उत्तर पुरत नाही.

चमत्कारांचा प्रश्न एवढा मोठा का झाला?

कारण देववाणीचं ओळखपत्र तेच होतं. संदेष्टा देवाकडून आला हे कशावरून? त्याने मेलेला उठवला यावरून. लॉकचाही भरवसा शेवटी यावरच. म्हणजे ओळखपत्र खोटं ठरलं की सगळंच गेलं.

थॉमस वूल्स्टनने १७२७ ते १७२९ या काळात सहा पुस्तिका काढून शुभवर्तमानातल्या चमत्कारांची यथेच्छ चेष्टा केली; त्यांचा अर्थ रूपकानेच घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. त्याला दंड आणि कैद झाली. दंड भरता आला नाही, आणि १७३३ मध्ये तो मरेपर्यंत सुटला नाही. त्याला उत्तर म्हणून बिशप थॉमस शरलॉकने काय लिहिलं पाहा: पुनरुत्थानाच्या साक्षीदारांवर खोट्या साक्षीचा खटला! वकील, न्यायाधीश, ज्यूरी, सगळं आहे. ज्यूरी प्रेषितांना निर्दोष सोडते. पुस्तक धडाधड खपलं. पण देवाच्या पुत्राच्या पुनरुत्थानाचा निकाल बारा इंग्रज गृहस्थांवर सोपवला, इथेच खरा निकाल लागला होता असं मला वाटतं.

ह्यूमने १७४८ मध्ये पुरावे तपासलेच नाहीत, तराजू तपासला. साक्ष खोटी असणं हे मूळ घटनेपेक्षाही मोठं आश्चर्य ठरत असेल, तरच चमत्कार मानावा. शेवटी चिमटा काढून जातो: ख्रिस्ती धर्म सुरुवातीला तर चमत्कारांनी आला होताच, पण आजही चमत्काराशिवाय शहाण्या माणसाला तो मानता येणार नाही, कारण मानणाऱ्याच्या आतच सततचा चमत्कार घडत असणार.

बटलरने डीइस्टांना हरवलं असं म्हणतात. खरं आहे का?

त्याच्या काळात तसंच मानलं गेलं. १७३६च्या ग्रंथात बटलर म्हणतो, तुम्हाला देववाणीत अन्याय, अस्पष्टता, पक्षपात दिसतो ना? मग निसर्गात काय दिसतं? तिथेही निरपराध मुलं मरतात, बियाणं वाया जातं, कुणाला जास्त मिळतं कुणाला कमी. निसर्ग देवाचा असं मानूनही त्यातल्या अडचणी तुम्ही गिळता, तर ग्रंथातल्या अडचणींवर का अडता? आयुष्यात आपण खात्रीवर चालत नाही, संभवावर चालतो.

डीइस्टांना हे लागू पडलं, कारण निसर्गाचा देव त्यांना हवाच होता. पण हे दुधारी आहे. अडचणी दोन्हीकडे सारख्याच म्हटल्यावर एखादा वाचक दोन्ही मानतो, दुसरा दोन्ही सोडतो. आणि बटलरने स्वतःच लिहून ठेवलं की देववाणीसकट कशाचाही न्याय करायला आपल्याकडे बुद्धीखेरीज दुसरं काही नाही.

बुद्धी बाजूला ठेवा, असं कुणीच म्हणालं नाही?

म्हणाले की. फ्रेंच गणिती आणि विचारवंत पास्कलच्या अंगरख्यात शिवलेला कागद तो गेल्यावर सापडला. त्यावर २३ नोव्हेंबर १६५४च्या रात्रीची नोंद होती: अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. १७४१ मध्ये धाकट्या हेन्री डॉडवेलने पुस्तक काढलं की ख्रिस्ती धर्म युक्तिवादावर उभाच नाही. भाबडे वाचक खूश झाले. मग लक्षात आलं की हा बाजूने बोलतोय की थट्टा करतोय, हेच कळत नाही!

याचा आपल्या मुलखाशी काही संबंध आला का?

आला, दोनदा. पहिल्यांदा त्याच काळात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं. कोपर्निकसच्या ग्रंथावर रोमने बंदी घातली तेच हे वर्ष. स्टीफन्सच्या काव्यात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो, पण ती शंका समजून घेण्यासाठी आहे, न्याय करण्यासाठी नाही. गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय, बसलेलं होतं.

दुसऱ्यांदा एकोणिसाव्या शतकात. मुंबईत आलेल्या मिशनऱ्यांच्या पोतडीत बटलर आणि त्याच्यामागून आलेले 'पुराव्यां'चे ग्रंथ होते. पुराणं बुद्धीला धरून नाहीत, हे त्यांचं आवडतं वाक्य. १८३०च्या आगेमागे मिशनरी जॉन विल्सनशी मोरोभट्ट दांडेकरांनी जाहीर वाद घातला, १८५७च्या पहिल्या सहामाहीत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी भिडले. ज्या मापाने पुराण मोजायचं त्याच मापाने बायबल मोजायचं म्हटलं की पाद्री टिलटसनच्याच जागी येऊन उभा राहतो.

तिसरी वाट निघाली ती जास्त जवळची. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने कोणताही एक ग्रंथ ईश्वरप्रणीत आणि सर्वस्वी निर्दोष मानला नाही. भांडारकर आणि रानडे यांचा ईश्वर हर्बर्टला ओळखीचा वाटला असता. आणि जोतीराव फुल्यांचा 'निर्मिक', ज्याच्या आणि माणसाच्या मध्ये भट-पुरोहित नाही. जोतीरावांवर थॉमस पेन या इंग्रज लेखकाच्या मानवी हक्कांवरच्या पुस्तकाचा प्रभाव होता, हे सर्वज्ञात आहे. याच पेनने १७९४ मध्ये लिहिलं होतं की देव माझ्याशी बोलला तर ती माझ्यापुरती देववाणी. मी तुम्हाला सांगितली की तुमच्यासाठी ती ऐकीव गोष्ट. लॉकचा नोहाचा दाखला पेनच्या हातात गेल्यावर असा झाला. पण निर्मिक म्हणजे इंग्रजी डीइझमचं भाषांतर, असं कृपा करून कुठे लिहू नका. जोतीरावांच्या प्रश्नात शेतकऱ्याच्या घरातलं कर्ज आणि शूद्रातिशूद्रांची शाळा आहे; टिंडलच्या प्रश्नात ती नव्हती.

वाचायला सुरुवात कुठून करू?

लॉकच्या चौथ्या भागातलं एकोणिसावं प्रकरण. एका बैठकीत होतं. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांब आहेत, पण दोन पानांत सूर सापडतो. त्यानंतर ह्यूमचा चमत्कारांवरचा निबंध, आणि तो वाचताना पहिला परिच्छेद गाळू नका; टिलटसन तिथेच बसलेला आहे. टोलंड त्यानंतर. बटलर आजारपणात किंवा लांबच्या प्रवासात. तो घाईत वाचायचा लेखक नाही.